अंकिता अंदाजानं काही करत न्हाई

"कागद कुठं हाय त्यो? बाटलीसंगं कागद व्हता, त्यो कुठं हाय?"

"तंबाखू बांधली त्यात."

"तंबाखू बांधली! आन् बाटलीवरची चिठ्ठी?"

"ती भिजून गेली. मला काय इचारतोस? मेंढरास्नी पाजलं कुणी, म्या का तू?"

"तू म्हनलास झाकनभर!"

"म्या म्हनलो झाकनभर. कंच्या बाटलीचं झाकन, ते तुला कळाया नगं व्हय?"

हे भांडण मी पालाच्या आतून ऐकलं. बाहेर भांडत होते आमचे मालक आन् माझे दीर हौशीराम. मालकांचं नाव भिमा. आमच्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई. पर आता ते बी गेले आन् ज्यांची लाज धरायची ती माणसं बी गेली, म्हणून लिहिते. तवा आमची मेंढरं केंदूरच्या शिवारात एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवली होती. मेंढरांना जंत झाले म्हणून हौशीराम भावजींनी शिरूरच्या बाजारातनं औषध आणलं, मालकांनी ते अंदाजानं पाजलं, आन् उजाडताना बघतो तर चांगल्या चांगल्या मेंढ्या रानात आडव्या पडलेल्या.

मी चुलीपुढं बसले होते. तव्यावरची भाकर करपली तरी मला उलटायचं भान न्हाई. शेवटाला भावजी जे म्हणाले ते अजून माझ्या कानात हाय.

"समज, कागद असता. तर वाचला असतास व्हय तू?"

 वाचायला दोघांतल्या एकाला बी येत नव्हतं. भांडण तिथंच मिटलं, कारण पुढं भांडायला जागाच उरली न्हाई.

भावजींनी ज्यात तंबाखू बांधली, तसला कागद आज माझी नात तपासते. तिचीच ही गोष्ट.

अंकिता ही माझ्या संपतची धाकटी लेक. मेंढरं विकून आम्ही खुटबावला कायमचे बसलो, ऊस-कांदा करायला लागलो, त्यानंतरचा तिचा जन्म. तिनं मेंढरांमागची वाट बघितलीच न्हाई. दौंडच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली आन् दौंडजवळच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत लागली. सकाळी खुटबावहून डेमू रेल्वेनं दौंड, दौंडहून कंपनीची बस. गोळ्या करायचं काम न्हाई तिच्याकडं. गोळीबरोबर जे कागद जातात ते ती बघते. खोक्यावर काय छापलंय, आतल्या घडीच्या कागदावर काय छापलंय, दोन्हींचा मेळ बसतो का. पहिल्यांदा तिनं तसला कागद मला उलगडून दाखवला, तर तो चोळीच्या खणाएवढा मोठा, आन् अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी.

मी म्हणाले, "एवढ्याशा गोळीला एवढं मोठं पागोटं?"

ती हसली न्हाई. म्हणाली, "आज्जे, हाच कागद आबांना वाचता आला असता तर?"

आबा म्हंजी आमचे मालक. तिनं त्यांना बघितलं बी न्हाई, पर ते भांडण तिला पाठ. आमच्या वस्तीवर ते सगळ्यांनाच पाठ हाय. पोरांनी काही धसमुसळं केलं की संपत म्हणायचा, "अंदाजानं करू नगा रं, म्हाताऱ्यानं अंदाजानं मेंढरं मारली." त्यामुळं आमच्या घरात अंदाज ही शिवीच होऊन बसली. अंकितानं तर ती फारच मनावर घेतली. भाजी करायला बसवली की विचारायची, "आज्जे, मीठ किती?"

"बघून टाक की."

"बघून म्हणजे किती?"

मग चमचा घ्यायची, त्यावरून सुरीची पाठ फिरवून मीठ सपाट करायची आन् मगच टाकायची. तिची भाजी कधी खारट झाली न्हाई. आता कधी लई झकास झाली, असं बी न्हाई.

पर हाच तिचा गुण वस्तीच्या उपयोगी पडला. दर शनिवारी कंपनी सुटली की ती दौंडातल्या मेडिकलमधनं आम्हा म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या आणते. कुणाची बीपीची, कुणाची शुगरची, कुणाची गुडघ्याची. दुकानदारानं पाकीट पुढं केलं की आधी तारीख बघणार, मग नाव, मग डॉक्टरच्या चिठ्ठीशी ताडून बघणार. तो दुकानदार तिला म्हणतो, "मॅडम, तुम्ही आलात की मलाच परीक्षेला बसल्यासारखं होतं." घरी आणून ती प्रत्येक पाकिटावर पेनानं खूण करती. सकाळची असली की सूर्य, रात्रीची असली की चांदकोर. खूण करताना तारखेवर शाई जाऊ देत न्हाई. शेजारच्या सारजाबाईला तर ती प्रत्येक शनिवारी समोर बसवून म्हणून घेते, "ही कधी? आन् ही कधी?" सारजाबाई म्हणती, "माझ्या सासूनं बी मला एवढं म्हणायला लावलं न्हाई."

तर अशी ही अंकिता, आन् तिच्यापुढं आली परीक्षा.

तिच्या कंपनीत एक खातं हाय, त्याला रेग्युलेटरी म्हणतात. औषध नुसतं करून भागत न्हाई. ज्या ज्या देशात ते विकायचं, तिथल्या सरकारची परवानगी काढावी लागती. आन् नुसती काढून भागत न्हाई, ती सांभाळावी लागती. उद्या गोळीचा रंग बदलला, डबी बदलली, तरी कळवावं लागतं. त्या खात्यात एक खुर्ची रिकामी होणार होती. तिथल्या मोठ्या मॅडमनी अंकिताला बोलावून सांगितलं, ह्या कामाची एक परीक्षा असते, दिवाळीच्या आत ती पास झालीस तर खुर्ची तुझी. न्हाईतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल. अंकिताची नोकरी करारावरची, आन् करार दिवाळीलाच संपत होता. म्हंजी खुर्ची, न्हाईतर घर. आन् घर म्हंजी संपतनं बघून ठेवलेली स्थळं. तो काही वाईट बाप न्हाई, पर लेक घरात रिकामी दिसली की त्याचे हात फोनकडं जातात.

अभ्यास ती पहाटे करायची. मी बाजरी निवडायला बसले की माझ्यापुढं पुस्तक उघडायची. म्हणायची, "तुला समजलं तर मला समजलं." आता मी शाळेत गेले ती मेंढरं जवळच्या गावात बसली असली तरच. पर ऐकायला काय जातं?

"आज्जे, समज गोळीचा रंग बदलला. कुणाला कळवायचं?"

"खाणाऱ्या माणसाला."

"त्याच्या आधी."

"सरकारला."

"कुठल्या?"

"ज्याच्या देशात जाती त्याला."

"बरोबर! आणि कळवून लगेच बदलायचा, का परवानगी येईपर्यंत थांबायचं?"

"ते मला काय ठावं? पगार तुला मिळणार हाय का मला?"

तिनं सांगितलं, अमेरिकेचं एक हपीस, युरोपचं एक, आपलं दिल्लीतलं एक, जपानचं आणखी निराळं. प्रत्येकाची रीत वेगळी, कागद वेगळे. मी म्हणाले, मग ह्यात अवघड काय हाय? बिरोबाला भंडारा लागतो, म्हसोबाला शेंदूर लागतो. एकाचा निवद दुसऱ्यापुढं ठेवला की कोप. तर ही पोरगी लागली हसायला, आन् त्या पुस्तकाच्या पानावर अमेरिकेपुढं तिनं पेन्सिलीनं बिरोबा लिहिलं.

सारजाबाई ताक न्यायला यायची ती दारातनंच ओरडायची, "अगं, लगीन करायच्या वयात पाठांतर करती ही! आन् कुशाबाई, तू बी बसलीस व्हय पेपरला?"

"व्हय," मी म्हणाले, "पास झाले की तुझ्या गोळ्या बंद करते."

श्रावणात ती पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. संगणकावर असती, आन् झाली की तिथंच कळतं. घरी आली, पाय धुतले, शनिवार होता म्हणून गोळ्या वाटून आली, आन् मग मला म्हणाली, "आज्जे, नापास." रडली न्हाई. संपत अंगणात उभा होता. तो म्हणाला, "असूं दे," आन् खिशातला फोन चाचपायला लागला.

दुसऱ्या दिवशी करिश्मा आली. ही तिची कंपनीतली मैत्रीण. माहेर शिरूरचं, दौंडात खोली घेऊन राहते. बोलणं एवढं मोठ्यानं की गोठ्यातली गाय मान वर करून बघती.

"किती सोडवलेस?" करिश्मानं विचारलं.

"येत होते तेवढे."

"आणि बाकीचे?"

"ठेवले तसेच."

"तसेच म्हणजे? कोरे?"

"खात्री नव्हती त्यांची."

"अगं बाई! चुकलं तर मार्क कापत न्हाईत तिथं! चार उत्तरं दिलेली असतात, कशावर तरी टिक करायचं!"

"कशावर तरी कसं टिक करायचं? न बघितलेल्या बॅचवर सही करतेस का तू?"

"ती बॅच आहे, ही परीक्षा आहे!"

"हात एकच आहे की, करिश्मा."

तवा मला उलगडलं. त्यांच्या कंपनीत रीतच तशी हाय. जे डोळ्यांनी बघितलं त्याच्याच पुढं खूण करायची. जे बघितलं न्हाई तिथं खूण केली तर ते पाप. अंकितानं तीन वर्षं हेच केलं, आन् त्याच्या आधी जन्मभर मेंढरांची गोष्ट ऐकली. त्या संगणकापुढं बसून तिनं खात्रीचे तेवढे सोडवले, आन् बाकीचे कितीतरी कोरे ठेवून, वेळ उरला तरी हात बांधून बसून राहिली. करिश्मा कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, ही जगातली पहिली पोरगी असेल जी प्रामाणिकपणानं नापास झाली."

मला हसू बी आलं आन् वाईट बी वाटलं.

एकदा परत बसता येत होतं, दिवाळीच्या तोंडावर. करिश्मा फोनवर सरावाचे प्रश्न घेऊन रविवारी यायची. खात्रीचा प्रश्न आला की अंकिता पटकन टिक करायची. बिनखात्रीचा आला की तिचं बोट त्या फोनवर असं अधांतरी राहायचं, तव्यावरच्या वाफेला भ्यायल्यावानी.

"टिक कर!" करिश्मा ओरडायची.

"न्हाई माहीत मला."

"म्हणून तर टिक कर म्हणते!"

"अंदाजानं न्हाई टिक करणार मी."

करिश्मा वैतागून म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगा हिला. तुमच्या मेंढरांनी हिची वाट लावली." आन् उठून गेली डेमू गाठायला.

 दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाजरी घेऊन बसले. अंकिता पुस्तक घेऊन आली. मी म्हणाले, "आज तू ऐक. मेंढरांच्या भांडणाची गोष्ट सगळ्यांना ठावी हाय. त्याच्या पुढची कुणी सांगत न्हाई, कारण त्यात कुणी मेलं न्हाई."

त्या भांडणानंतर एक-दोन सालांनी मोठा दुष्काळ पडला. आम्ही शिरूरकडनं खाली उतरत होतो. दोन दिवस मेंढरांना नीट पाणी न्हाई. बकरी ओरडायची बी बंद झालेली. एका माळावर आलो तर पुढं चार वाटा फुटलेल्या. माणूस न्हाई काणूस न्हाई, विचारायचं कुणाला? हौशीराम भावजी खाली बसले. म्हणाले, "दादा, म्या आता काय बी सांगनार न्हाई. मागल्या खेपंला सांगितलं ते पुरं झालं." आन् मालक नुसते उभे. ज्या माणसानं अंदाजानं मेंढरं मारली, त्याच्याच पुढं चार वाटा, आन् मागं सगळी मेंढरं.

"मग?" अंकितानं पुस्तक मिटलं होतं.

"मग ते बघायला लागले. एका वाटंनं आम्ही आदल्या साली गेलो होतो, तिथलं तळं कवाच आटलेलं. ती वाट गेली. दुसरी वर खडकाकडं चढत होती. वर पाणी कुठलं? ती बी गेली. उरल्या दोन. एका वाटंवर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे पडलेले. गुरांच्या खुरांना ओला चिखल लागतो, चालताना वाळून गळतो. आन् पारव्यांचा थवा बी त्याच अंगाला उतरला. मालक म्हणाले, ही. भावजी म्हणाले, खात्री हाय? मालक म्हणाले, न्हाई. पर उभं राहिलो तर मेंढरं हितंच बसतील, आन् बसलेलं मेंढरू उठत न्हाई."

"आणि पाणी?"

"नदीचा डोह होता. हिरवा, घाण, पर पाणी. तू हितं बसून मला विचारती हायस म्हंजी पाणी होतंच की."

तिनं मिटलेलं पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पण आज्जे, औषध पाजलं तेही अंदाजानंच. एकदा मेली, एकदा वाचली. नशीबच म्हणायचं ना?"

"नशीब कसं? औषधाचं विचारायला माणूस होता. जनावरांचा डाक्टर शेजारच्या गावात बसायचा, जाऊन यायला दुपार पुरली असती. गेले न्हाईत. पाण्याचं विचारायला कुणीच नव्हतं, तवा जे ठावं होतं तेवढ्यावर बघून बघून पाय टाकला. हे दोन्ही एकच व्हय? तुझ्या कंपनीत विचारायला माणूस हाय?"

"हाय. मॅडम हायत. विचारल्याशिवाय सही करायची न्हाई."

"आन् त्या परीक्षेत?"

"तिथं कुणालाच विचारता येत न्हाई."

"मग तिथं कुणाची वाट बघत बसली होतीस?"

 ती माझ्या सुपातली बाजरी बोटानं उगाच इकडची तिकडं करत बसली. मग तिनं फोन काढला, करिश्मानं दिलेला एक प्रश्न उघडला आन् चार उत्तरं स्वतःशीच पुटपुटली. "हे न्हाई. हे तर न्हाईच, हा जुना नियम. राहिली दोन." आन् बराच वेळ बघून एकावर बोट टेकवलं. लगेच माझ्याकडं बघितलं, जशी मी ओरडणारच हाय.

"बरोबर आलं का?" मी विचारलं.

"चूक."

"बरं मग. कुणी मेलं का?"

लई दिवसांनी ती खळखळून हसली.

परीक्षेला जाताना मी म्हणाले, मी येते संगं. संपत म्हणाला, "आई, तू तिथं काय करणार?" मी म्हणाले, "तू तरी काय करणार हायस? कांद्याला पाणी दे." पुण्याला त्या काचेच्या इमारतीत मला आत घेईनात. दारावर एक बिहारचा पोरगा होता, त्यानं त्याची खुर्ची मला दिली.

"अम्मा, एग्जाम किसका है?"

"मेरा नाही रे बाबा. मेरे नातीका. मेरा होता तो कब का पास हो जाती."

त्याला मी भाकरी-ठेचा दिला. त्यानं ठेचा खाल्ला आन् मग तो बराच वेळ पाणीच पीत राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरापोरींचे चेहरे बघत मी बसले. कुणी फोनवर ओरडत बाहेर यायचं, कुणी तोंड पाडून. अंकिता आली ती जशी आत गेली तशीच. चेहऱ्यावर काही न्हाई. मी विचारलं न्हाई.  रिक्षात बसलो, स्टेशनला आलो, दौंडची डेमू लागलेली होती, खिडकी मिळाली. हडपसर मागं पडलं तवा मी म्हणाले, "कोरे किती ठेवलेस?"

"एक बी न्हाई."

मी खिडकीतनं बाहेर बघत राहिले. मला तेवढंच विचारायचं होतं. लोणी गेलं. उरुळी गेलं. मग ती माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "आज्जे, स्क्रीनवर पास आलंय."

मी ओरडणार तेवढ्यात तिनं माझा हात दाबला. "कुणाला सांगायचं न्हाई अजून. स्क्रीनवरचं कच्चं असतं. पक्का कागद यायचाय मेलवर. तो आला की मॅडमना आधी, मग आप्पांना, मग सगळ्यांना."

"बापाला बी न्हाई?"

"कागद आल्याशिवाय न्हाई."

आता हिला काय म्हणावं? सगळा डबा मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला, आन् मी म्हातारी हसू दाबून दाबून घामाघूम. यवत गेलं. खुटबाव आलं तशी मी पिशवी घेऊन उठले. तर ही बसलेलीच.

"उतर की गं."

"आज शनिवार आहे आज्जे. दौंडला जाऊन येते. सारजा आजीची बीपीची गोळी संपलीय."

"आज राहू दे की! उद्या आणता येईल. आज काय दिवस हाय!"

"तिची शेवटची गोळी काल रात्रीची होती."

मग मी बी परत बसले. एवढ्या मोठ्या दिवशी तिला एकटीला कशी सोडणार? दौंडला उतरलो, मेडिकलवर गेलो. दुकानदारानं पाकीट दिलं, हिनं उलटून तारीख बघितली आन् परत सरकवलं. "ही दोन महिन्यांतच संपतीय. पुढची द्या." त्यानं गुपचूप दुसरं काढलं. दुकानाच्या उजेडात उभं राहून तिनं चिठ्ठीशी ताडून बघितलं, पेन काढला, तारखेला धक्का न लागू देता चांदकोर काढली, आन् परतीच्या डेमूनं आम्ही खुटबावला आलो.

सारजाबाई ओट्यावरच बसली होती.

"आलीस? काय झालं गं परीक्षेचं? का ह्या बारीला बी कोरंच ठिवलंस?"

"कागद आल्यावर सांगते, आजी." अंकिता तिच्यापुढं खाली बसली आन् पाकीट तिच्या हातात दिलं. "आधी सांगा, ही कधी?"

सारजाबाईनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, माझ्याकडं बघितलं, मी तोंडाला पदर लावला.

"रातची," ती म्हणाली. "जेवल्यावर."

"आणि पाणी?"

"गिलासभर. अगं व्हय बाई, गिलासभर."